४० मीटरवर प्रक्षेपण सुरू केले की शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) शिरते: नवे अर्थिंग करून उपयोग होईल का?

गच्चीवरची_तार (पुणे)

नमस्कार. पुण्यातील एका चार मजली गृहनिर्माण सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर माझे हौशी रेडिओ केंद्र आहे. रिग (रेडिओ संच) १०० वॅटची आहे, तिला १३.८ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा संच) जोडलेला आहे आणि अँटेना म्हणजे एका टोकाकडून पुरवठा दिलेली, ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडसाठी अर्ध्या तरंगलांबीची, सुमारे २० मीटर लांब तार. तिचा ४९:१ ट्रान्सफॉर्मर मी बाल्कनीच्या लोखंडी कठड्याला बांधला आहे. तेथून तार वर गच्चीकडे जाते आणि पाण्याच्या टाकीला वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्यातील बांबूला बांधलेली आहे. ट्रान्सफॉर्मरपासून टेबलापर्यंत आरजी-५८ कोॲक्स केबल (मधली तार आणि तिच्याभोवती जाळी) जेमतेम ५ मीटर आहे.

अडचण अशी, की ४० मीटरवर साधारण ४० वॅटच्या वर गेलो की संगणक यूएसबी साउंड कार्ड विसरतो. एफटी८ (संगणकाद्वारे चालणारी डिजिटल संदेशपद्धत) चालू असेल तर कधी कधी पीटीटी (प्रक्षेपणाचा स्विच) तसाच दाबलेला राहतो आणि मला धावत जाऊन रिग बंद करावी लागते. मायक्रोफोनची धातूची जाळी ओठांना लागली तर चटका बसतो आणि समोरचे ऑपरेटर आवाज फाटतो असे कळवतात. बैठकीच्या खोलीतील बीएलडीसी पंखा आपोआप वेग बदलतो. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा स्वयंचलित नियंत्रक दोनदा अवेळी सुरू झाला, आणि ते माझ्यामुळे झाले असावे अशी शंका सचिवांनी बोलून दाखवली आहे.

गेल्या महिन्यात मी रिगच्या मागील अर्थ स्क्रूपासून सुमारे ११ मीटरची जाड तांब्याची तार खाली सोडून जमिनीतील सळईला जोडली. त्यानंतर २० मीटर बँडवरचा त्रास जवळजवळ संपला, पण ४० मीटरवर तो कमी होण्याऐवजी वाढला. आमच्या वायरमनचे म्हणणे आहे, की सळई पुरेशी नाही. मीठ-कोळसा घालून तांब्याच्या पत्र्याचा पूर्ण खड्डा करावा आणि वरपर्यंत पट्टी आणावी. खर्च बराच आहे, आणि दीड मीटरखाली काळा पाषाण लागतो, हेही मला ठाऊक आहे. तरीही त्याने प्रश्न सुटणार असेल तर माझी तयारी आहे. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला आहे ते दाखवणारा आकडा; १ म्हणजे उत्तम) १.४ आहे, त्यामुळे अँटेनात दोष नसावा असे मी धरून चाललो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_ऑपरेटर (कोल्हापूर)

खड्ड्याचे काम कृपया थांबवा. आपण दिलेल्या माहितीतच उत्तराचा मोठा भाग आहे: तीच तार २० मीटरवर उपयोगी पडते आणि ४० मीटरवर घात करते. अर्थिंग कमी पडत असते, तर दोन्ही बँडवर कमी-अधिक सारखाच परिणाम दिसला असता.

७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर, म्हणजे पाव तरंगलांबी साडेदहा मीटर. आपली ११ मीटरची तार जवळपास तेवढीच आहे. पाव तरंगलांबीच्या तारेचे खालचे टोक जमिनीला कितीही घट्ट जोडले, तरी वरच्या टोकाला, म्हणजे नेमके आपल्या रिगपाशी, ती फार मोठा अवरोध दाखवते. या बँडवर रिगच्या दृष्टीने ती तार जवळजवळ नसल्यासारखी आहे. शिवाय तिच्या वरच्या टोकाला व्होल्टता सर्वाधिक असते, म्हणूनच ओठांना चटका बसतो. १४ मेगाहर्ट्झवर तीच तार अर्ध्या तरंगलांबीची होते आणि अर्धी तरंगलांबी खालच्या टोकाचा कमी अवरोध जसाच्या तसा वर आणून देते. प्रत्यक्षात घरातील वायरिंगचा अर्थ, कोॲक्सची जाळी, संगणकाच्या केबली हे सगळे फाटे त्यात मिसळलेले असतात, त्यामुळे चित्र इतके स्वच्छ नसते; पण आपल्याकडे ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसले आहे. खाली खड्डा उत्तम केला, तरी वरपर्यंत येणारी लांबी तीच राहणार, आणि दोष त्या लांबीत आहे. सरळ तारेचे प्रेरकत्व मीटरला ढोबळ मानाने १ मायक्रोहेन्री धरले, तरी १० मीटरचा अवरोध ७ मेगाहर्ट्झला साडेचारशे ओहमच्या आसपास जातो. ५० हर्ट्झच्या विजेसाठी जी तार उत्तम अर्थ आहे, ती आरएफसाठी अर्थ उरत नाही.

मुळात आरएफला जमिनीत जाऊन संपायचे नसते. आपण पुरवलेला प्रवाह अँटेनाच्या तारेत जेवढा शिरतो, तेवढाच दुसऱ्या बाजूला कोठेतरी जावा लागतो. डायपोलमध्ये, म्हणजे दोन भुजांच्या अँटेनात, ही दुसरी बाजू म्हणजे दुसरी भुजा. आपल्या अँटेनाला दुसरी भुजाच नाही. ४९:१ ट्रान्सफॉर्मर सुमारे २४५० ओहमला जुळवतो. त्यावर १०० वॅट दिले तर तारेच्या तोंडाशी सुमारे ५०० व्होल्ट आणि ०.२ ॲम्पिअर असतात. हे ०.२ ॲम्पिअर समतोल करण्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला जे सापडेल ते वापरले जाते. आपल्याकडे तेथे फक्त कोॲक्सची जाळी आहे, आणि ती ५ मीटरवर थेट रिगला, तेथून यूएसबीला, संगणकाला आणि भिंतीतील वायरिंगला जोडलेली आहे. अशा रीतीने आपला संगणक, पंख्याची वायर आणि ती नवी तांब्याची तार हे सर्व अँटेनाचे भाग झाले आहेत.

येथे कोॲक्सविषयी एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. उच्च वारंवारतेला प्रवाह धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, त्यामुळे जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू हे दोन वेगवेगळे वाहक ठरतात. मधली तार आणि जाळीची आतली बाजू यांतील प्रवाह समान व विरुद्ध असतात, म्हणून ते बाहेर काही दाखवत नाहीत. बाहेरच्या बाजूवरून वाहणारा प्रवाह, ज्याला आपण कॉमन मोड म्हणतो, तोच सगळा उपद्रव करतो. एसडब्ल्यूआर मीटर हा प्रवाह दाखवत नाही. उलट, कोॲक्स अँटेनाचा भाग बनल्यामुळेच एसडब्ल्यूआर १.४ दिसत असेल, असेही होऊ शकते.

आता काय करावे ते सांगतो. सर्वांत आधी अँटेना काढून डमी लोड (प्रक्षेपणाची शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) लावा आणि ४० मीटरवर पूर्ण १०० वॅटवर तोच एफटी८ चालवा. पंखा, यूएसबी, सगळे शांत राहिले, तर आरएफ अँटेनाच्या वाटेने परत येते आहे हे निश्चित झाले. डमी लोडवरही साउंड कार्ड गळले, तर दोष शॅकमधल्या जोडण्यांत आहे, आणि मग गच्चीवर चढून काही साधणार नाही. ही दहा मिनिटांची चाचणी न करता लोक महिनोन्महिने फेराइट (केबलवर बसवून आरएफ अडवणारा चुंबकीय पदार्थ) विकत घेत राहतात.

शंका खरी ठरली, तर ट्रान्सफॉर्मर बाल्कनीतून हलवून गच्चीवर न्या. सर्वाधिक व्होल्टतेचे टोक सध्या लोखंडी कठड्याला चिकटून आणि टेबलापासून काही हातांवर आहे. यापेक्षा वाईट जागा सापडणे कठीण. कोॲक्स १५ मीटर लागली, तरी आरजी-५८ मधील घट ४० मीटरवर सुमारे अर्धा डेसिबल आहे, ती सोसावी. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थ टोकाला सुमारे २ मीटरची, म्हणजे तरंगलांबीच्या विसाव्या भागाएवढी काउंटरपॉइज तार जोडा. दुसऱ्या भुजेचे काम ती करील. तिच्या लगेच पुढे कोॲक्सवर चोक (बाहेरच्या बाजूचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) बसवा, आणि केबल खिडकीतून आत येते तेथे दुसरा.

चोकसाठी एफटी२४०-३१ किंवा एफटी२४०-४३ टोरॉइड (फेराइटचे कडे) घ्यावा. त्याचा बाहेरचा व्यास ६१ मिलिमीटर असतो आणि आरजी-५८ चे १२ वेढे त्यात सहज बसतात. फोमच्या इन्सुलेशनची केबल मात्र इतकी घट्ट वळवू नये, कारण कालांतराने मधली तार सरकून जाळीजवळ जाते. अवरोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून एका टोरॉइडवर १२ वेढे आणि केबलवर ओवलेली १२ चिमटा-फेराइटे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकदाच ओवलेल्या छोट्या चिमटा-फेराइटचा अवरोध ७ मेगाहर्ट्झला बहुधा शंभर ओहमही नसतो. आपल्याला हवे आहेत काही हजार ओहम.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. आरएफ थांबवण्यासाठी कोणत्याही उपकरणाच्या तीन पिनी प्लगचा अर्थ कधीही तोडू नये. असे सल्ले अजूनही ऐकू येतात, आणि ते जिवावर बेतणारे आहेत. खाली सोडलेली तार रिगपासून सोडवून ठेवा, पण जमिनीतील ती सळई तशीच राहणार असेल, तर ती इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जाड तारेने जोडून घ्या. एका इमारतीत एकमेकांना न जोडलेले दोन अर्थ असले, की वीज कोसळल्यावर त्यांच्यातील व्होल्टतेचा फरक आपल्या टेबलावरून वाट काढतो.

कोकण_किनारा (रत्नागिरी)

वरील विवेचन पटले. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तोही नोंदवतो. माझ्याकडे ४० मीटरचा डायपोल आहे आणि फेराइट मिळत नव्हते तेव्हा मी ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर कोॲक्सचेच १० वेढे गुंडाळून चोक केला. मायक्रोफोनचा चटका त्याच दिवशी थांबला. खर्च काहीच नाही. तेव्हा टोरॉइड मिळेपर्यंत हा उपाय करून पाहण्यास हरकत नसावी.

दुसरे असे, की जोडण्या तपासा. आमच्याकडे समुद्राच्या हवेत पीएल-२५९ कनेक्टरच्या आतील जाळी एका पावसाळ्यात हिरवी पडते. जाळीचा संपर्क अर्धवट झाला, की आतला प्रवाह बाहेर फुटतो आणि कितीही चोक लावला तरी लक्षणे येत-जात राहतात. जाळी कनेक्टरला पूर्ण गोलाईत झाळलेली असावी आणि वरून स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. पुण्यात खारी हवा नाही, परंतु गच्चीवरचा पाऊस सगळीकडे सारखाच आत शिरतो.

मोजून_मापून (डोंबिवली)

पीव्हीसी पाइपवरील चोकने आपले काम झाले याचा आनंद आहे, पण धागा वाचणाऱ्या नवीन मंडळींसाठी त्यातील धोका सांगणे मला आवश्यक वाटते. हवेतील गुंडाळीचा अवरोध जवळजवळ पूर्णपणे प्रेरक असतो. कोॲक्सची बाहेरची बाजू तिच्या लांबीनुसार त्या बँडवर धारक वागत असेल, तर हे दोन्ही एकमेकांना छेदून टाकतात आणि चोक लावल्यावर प्रवाह कमी होण्याऐवजी वाढतो. ३१ किंवा ४३ प्रकारच्या फेराइटचा अवरोध योग्य वेढ्यांत मुख्यतः रोधक असतो, आणि रोध कशानेही छेदला जात नाही. आपल्या केबलच्या लांबीला तो पाइप जुळला. दुसऱ्याच्या लांबीला जुळेलच असे नाही, आणि आपल्याकडेही बँड बदलला की चित्र बदलू शकते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की अंदाज न करता मोजावे. त्यासाठी लागणारे साधन अर्ध्या दिवसात घरी होते. उघड-मीट होणाऱ्या एका चिमटा-फेराइटवर पातळ तारेचे १० वेढे द्या, त्यांच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रोध लावा, पुढे शॉट्की किंवा जर्मेनियम डायोड, १० नॅनोफॅरडचा धारक, १० किलोओहमचा रोध आणि मायक्रोॲमीटर. जुन्या टेपरेकॉर्डरमधील पातळी दाखवणारा काटा याला उत्तम चालतो. हे फेराइट पूर्ण कोॲक्सभोवती मिटले, की आतील समान व विरुद्ध प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि काटा फक्त कॉमन मोड दाखवतो. साधन केबलवरून सरकवत न्यावे, कारण प्रवाह सर्वत्र सारखा नसतो. जेथे तो जास्त आहे, तेथे लावलेला चोक सर्वाधिक उपयोगी पडतो. जेथे तो मुळातच नगण्य आहे, तेथे उत्तम चोकही निष्प्रभ ठरतो. यूएसबी केबल, मायक्रोफोनची वायर, एसएमपीएसची वायर, एवढेच नव्हे तर रिगच्या अर्थची तारही याच साधनाने तपासावी. कोणती वायर गुन्हेगार आहे ते पाच मिनिटांत कळते.

नॅनोव्हीएनए (संकेत किती पार जातो ते मोजणारे छोटे उपकरण) असेल, तर चोक बसवण्याआधीच पारखता येतो. कोॲक्सच्या चोकच्या दोन्ही टोकांची जाळी घ्यावी, एक टोक पहिल्या पोर्टच्या मधल्या तारेला आणि दुसरे टोक दुसऱ्या पोर्टच्या मधल्या तारेला, शक्य तितक्या आखूड जोडण्यांनी लावावे आणि एस२१ (पार गेलेल्या संकेताची पातळी) वाचावे. ५० ओहमच्या पद्धतीत उणे २० डेसिबल म्हणजे सुमारे ९०० ओहम, उणे ३० म्हणजे सुमारे ३००० आणि उणे ३४ म्हणजे सुमारे ५०००. माझ्या मते उणे ३० च्या अलीकडे थांबू नये. बाजारातून नाव-गाव नसलेली फेराइटे घेणाऱ्यांनी ही चाचणी अवश्य करावी. त्यांतील पुष्कळ फेराइटे व्हीएचएफसाठी (३० मेगाहर्ट्झच्या वरच्या वारंवारतांसाठी) असतात आणि ७ मेगाहर्ट्झवर फारसे काही करत नाहीत.

डमी लोडवरही ज्यांचा त्रास टिकतो, त्यांच्यासाठी एक वाक्य. मायक्रोफोन किंवा यूएसबी केबलची जाळी उपकरणात शिरताच धातूच्या पेटीला जोडली जायला हवी. पुष्कळ उपकरणांत ती आतील सर्किट बोर्डाच्या शून्यरेषेला जाते, आणि जाळीवर आलेले आरएफ थेट ॲम्प्लिफायरच्या तोंडी सोपवले जाते. ध्वनी अभियंता नील मन्सी यांनी १९९५ मध्ये या दोषाला 'पिन वन' असे नाव दिले. तेव्हापासून तीस वर्षे गेली, तरी नवीन उपकरणांत हा दोष भेटतो. पेटी उघडून जाळी धातूवर आखूड जोडून घेणे हा खरा उपाय आहे; ते जमत नसेल तर केबल टोरॉइडवर ५ ते ७ वेळा फिरवावी. रिग, एसएमपीएस आणि संगणक यांच्या पेट्या एकमेकींना आखूड, रुंद तांब्याच्या पट्टीने जोडाव्यात आणि सर्वांचा वीजपुरवठा एकाच फळीवरून घ्यावा. असे केल्याने पेट्यांमधील व्होल्टतेचा फरक कमी होतो आणि सिग्नलच्या केबलवर भार येत नाही.

गच्चीवरची_तार (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. डमी लोडची चाचणी आज केली. पूर्ण १०० वॅटवर वीस मिनिटे एफटी८ चालवले. यूएसबी एकदाही तुटले नाही, पंख्याने वेग बदलला नाही. म्हणजे वाट अँटेनाचीच आहे. खड्ड्याचे काम रद्द केले आहे. टोरॉइड मागवले आहेत. ते येईपर्यंत काउंटरपॉइज आणि ट्रान्सफॉर्मरची जागा एवढे करून घेतो.

पंपाबद्दल मात्र मनावर दडपण आहे. माझ्या परवान्यापेक्षाही शेजाऱ्यांचे पाणी महत्त्वाचे. नियंत्रकाचे सेन्सर गच्चीच्या टाकीत आहेत आणि त्यांच्या वायरी भिंतीवरून तळमजल्यापर्यंत जातात. माझी बाजू सुधारली, तर तेही आपोआप थांबेल का?

पंपघर (सांगली)

आपोआप थांबेलच असे नाही, आणि या बाबतीत मी स्वतः चूक करून शिकलो आहे. टाकीपासून तळमजल्यापर्यंतच्या त्या वायरी म्हणजे चार मजली उंच अँटेनाच होय. आपल्या कोॲक्सवरून वाहणारा प्रवाह बंद झाला, तरी गच्चीवरील तार शेजारी उभी राहून आपले नियमित काम करत असतेच, आणि तिचे क्षेत्र त्या वायरींना थेट लागते. हा हस्तक्षेप आपल्या केंद्राच्या दोषातून येत नाही. नियंत्रकाच्या आत आरएफ अडवण्याची सोय नसल्यामुळे तो होतो. तरीही तोडगा आपणच काढून द्यावा असे माझे मत आहे, कारण सोसायटीतील कोणालाही हे तांत्रिक बारकावे समजून घेण्याची सक्ती आपण करू शकत नाही, आणि अँटेना त्यांच्या गच्चीवर त्यांच्याच संमतीने उभा आहे.

प्रथम नोंदी जुळवा. आपण प्रक्षेपणाची नोंदवही ठेवतच असाल. पंप अवेळी सुरू झाल्याच्या वेळा सचिवांकडून घेऊन तिच्याशी ताडून पाहा. माझ्या बाबतीत चारपैकी दोन वेळा मी गावातही नव्हतो, आणि टाकीतील एक सेन्सर गंजलेला निघाला. उरलेल्या दोन वेळा माझ्याच होत्या. त्यानंतर सचिवांना बरोबर घेऊन ठरलेल्या वेळी चाचणी घ्यावी: एकाने पंपाजवळ उभे राहावे, दुसऱ्याने १०, २५, ५० आणि १०० वॅटवर क्रमाने प्रक्षेपण करावे. पंपाचा मुख्य स्विच त्या वेळी बंद असावा आणि केवळ नियंत्रकाचा रिले पाहावा, म्हणजे मोटर विनाकारण चालू-बंद होणार नाही.

उपाय स्वस्त आहे. नियंत्रकाच्या पेटीत, प्रत्येक सेन्सरच्या वायरीचा स्क्रू आणि सामाईक टोक यांच्यामध्ये १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक धारक आखूड पायांनी लावावा. ७ मेगाहर्ट्झला त्याचा अवरोध सव्वादोन ओहमच्या आसपास येतो, म्हणजे आरएफ तेथेच गुंडाळले जाते, आणि पाण्याची पातळी ओळखणाऱ्या मंद सिग्नलला काहीही बाधा येत नाही. त्याआधी सेन्सरच्या सर्व वायरी एकत्र करून एका टोरॉइडवर ७-८ वेढे द्यावेत. मात्र पेटी सोसायटीची आहे आणि तिच्यात २३० किंवा ४१५ व्होल्टही आहेत. पंपाचे काम पाहणाऱ्या वायरमनच्या हातून, पुरवठा तोडूनच हे करून घ्यावे. स्वतः पेटी उघडली आणि उद्या मोटर जळली, तर त्याचे खापर आपल्यावर फुटेल.

सोसायटीत जिन्यातील दिव्यांसाठी किंवा घरात आरसीसीबी (गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) असेल, तर त्यावरही लक्ष ठेवा. काही इलेक्ट्रॉनिक आरसीसीबी वायरिंगवर आरएफ आले की पडतात. अशा वेळी ती बदलून साधी एमसीबी बसवण्याचा सल्ला कोणी दिल्यास मुळीच मानू नका. वायरिंगवर येणारे आरएफ कमी करणे हाच मार्ग आहे.

गच्चीवरची_तार (पुणे)

तीन आठवड्यांनी तपशीलवार कळवत आहे, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

चिमटा-फेराइटचे मोजमाप-साधन जुन्या टेपरेकॉर्डरच्या काट्यावर तयार केले. मूळ स्थितीत ४० मीटरवर अवघ्या २५ वॅटला काटा पूर्ण टोकाला जात होता, म्हणून सर्व तुलना २५ वॅटवरच केल्या. खाली सोडलेली तार रिगपासून सोडवल्यावर कोॲक्सवरचे वाचन फारसे बदलले नाही, पण यूएसबी केबलवरचे जवळजवळ निम्मे झाले. आरएफ कोठून कोठे वळते आहे हे तेव्हा प्रथमच डोळ्यांना दिसले. ट्रान्सफॉर्मर गच्चीवर नेऊन २ मीटरची काउंटरपॉइज तार जोडल्यावर कोॲक्सवरचे वाचन पूर्ण टोकापासून साधारण तिसऱ्या भागावर आले. एफटी२४०-३१ वर १२ वेढ्यांचा चोक काउंटरपॉइजच्या पुढे बसवल्यावर काटा जेमतेम हलत होता, आणि खिडकीपाशी दुसरा चोक लावल्यानंतर १०० वॅटलाही तो हलला नाही. चोक बसवण्याआधी एका मित्राच्या नॅनोव्हीएनएवर तपासला होता. ७ मेगाहर्ट्झला उणे ३२ डेसिबल दिसले.

एसडब्ल्यूआरबद्दल जुना_ऑपरेटर यांनी जे लिहिले होते, ते शब्दशः खरे ठरले. चोक लावताच तो १.४ वरून २.१ झाला. पूर्वी मी तार कोॲक्ससह जुळवली होती. आता कोॲक्स बाजूला झाल्यावर तारेची खरी लांबी उघडी पडली. सुमारे ३० सेंटिमीटर तार वाढवल्यावर १.५ वर आला. हे ठाऊक नसते, तर चोकमुळे अँटेना बिघडला असे समजून मी तो काढून टाकला असता.

आता १०० वॅटवर यूएसबी तुटत नाही, मायक्रोफोनला हात किंवा ओठ लावला तरी काही जाणवत नाही आणि आवाज स्वच्छ असल्याचे कळते. अपेक्षित नसलेला एक लाभही झाला: ४० मीटरवरचा रात्रीचा गोंगाट (रिगच्या सिग्नल-मीटरवर) एस७ वरून एस५ वर आला. घरातील चार्जर आणि एलईडी दिव्यांचा गोंगाट कोॲक्सच्या बाहेरच्या बाजूवरूनच अँटेनापर्यंत चढत असला पाहिजे, आणि तोच चोक त्यालाही अडवत आहे.

पंपाची चाचणी सचिवांसमोर झाली. चोक बसवल्यानंतरही १०० वॅटवर रिले एकदा खडखडला, म्हणजे पंपघर यांचे म्हणणे बरोबर होते. सोसायटीच्या वायरमनने धारक आणि टोरॉइड लावल्यानंतर तीच चाचणी पुन्हा केली. रिले शांत राहिला. धारक व टोरॉइड यांचा खर्च मी दिला. सचिवांनी चाचणीची नोंद सोसायटीच्या वहीत केली, याचे मला विशेष समाधान वाटते.

एकच गोष्ट राहिली आहे. २१ मेगाहर्ट्झवर ८० वॅटच्या वर बैठकीतील पंखा अजूनही वेग बदलतो. कोॲक्सवर तेव्हा काहीच प्रवाह दिसत नाही.

जुना_ऑपरेटर (कोल्हापूर)

उत्तम काम झाले. पंख्याचे कारण पंपासारखेच असावे: छतातून येणारी वायर त्या बँडवर थेट क्षेत्र उचलते आहे. त्या खोलीचा पुरवठा मुख्य स्विचपासून बंद करून, पंख्याच्या वरच्या वाटीत, नियंत्रकाकडे येणाऱ्या दोन्ही वायरी एकत्र धरून लहान ४३ प्रकारच्या टोरॉइडवर ५-६ वेढे देऊन घ्या. टोरॉइड वाटीत सैल राहू नये, नाहीतर पंख्याच्या कंपनाने वायरीचे आवरण घासले जाते. तेवढ्याने न थांबल्यास त्या बँडवर ६० वॅटवर काम करा. १०० वॅटच्या तुलनेत समोरच्याला पडणारा फरक सव्वादोन डेसिबलचा, म्हणजे त्याच्या मीटरवर अर्ध्या एस-युनिटाहूनही कमी आहे.

आणि एक. आता ट्रान्सफॉर्मर गच्चीवर आहे, त्यामुळे एप्रिल-मेमधील वळवाच्या आधी खिडकीपाशी कोॲक्ससाठी वीज-संरक्षक बसवून तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडून घ्या. ढग दाटून येताना दिसले, की केबल रिगपासून सोडवून बाल्कनीत ठेवा.